वाचक विचारतात : वाग्नरचे देणे कोणाच्या खाती?

प्रश्न : आम्ही धरमपेठेतील आठ-दहा संगीतप्रेमी महिन्यातून एकदा एकत्र बसून ध्वनिमुद्रणे ऐकतो. बहुतेक वेळा हिंदुस्थानी गायकीच ऐकली जाते. गेल्या महिन्यात मात्र एका सदस्याने रिचर्ड वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या 'ट्रिस्टान आणि इझोल्ड' या ऑपेराचे आरंभसंगीत ऐकवले. ते संपताच आमच्यातील एक ज्येष्ठ म्हणाले, "हा हिटलरचा संगीतकार. याला घरात घेऊ नये." दुसऱ्या सदस्याचे म्हणणे असे, की जो माणूस 1883 मध्ये वारला, त्याच्या माथी 1933 मध्ये सत्तेवर आलेल्यांचे पाप का मारावे? वाद मिटला नाही. वाग्नरचा जर्मन संस्कृतीवर आणि विचारावर नेमका काय प्रभाव पडला, आणि त्यातले त्याचे स्वतःचे किती, हे सांगावे. — एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपण जे ऐकलेत तिथूनच सुरुवात करणे बरे, कारण वाग्नरचा प्रभाव जर्मनीत शिरला तो मुख्यतः कानांवाटे. त्या आरंभसंगीतात प्रथम चेलो ही खर्जातली तंतुवाद्ये एकटी उठतात. त्यांचा पहिला स्वर आपण षड्ज मानला, तर ते षड्जावरून कोमल धैवतावर झेप घेतात, तिथून पंचमावर आणि मग तीव्र मध्यमावर उतरतात. या तीव्र मध्यमावर सुषिर वाद्ये येऊन मिळतात आणि एक असा स्वरसंघ उभा राहतो, ज्याला संगीतशास्त्रात आजही 'ट्रिस्टान कॉर्ड' म्हणतात. त्यातून ओबो हे सुषिर वाद्य वर चढत जाते : शुद्ध निषाद, षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध ऋषभ. षड्ज वाटेत लागतो, पण तिथे मुक्काम होत नाही. ऋषभावर वाक्य तुटते, खालचा स्वरसंघ पंचमाचा आधार धरून षड्जाची मागणी करत राहतो, आणि षड्जाऐवजी येते ती शांतता. मग तेच सारे पुन्हा, आणखी वरून. आपल्याकडे निषादावर रेंगाळून षड्ज लांबवणारा गवई अखेर षड्जावर येतो आणि बैठकीचा जीव भांड्यात पडतो. वाग्नरने हे जीव भांड्यात पडणे तीन अंक, सुमारे चार तास, लांबवले. 10 जून 1865 रोजी म्युनिकला या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. माहलर, रिचर्ड श्ट्राउस, शोनबर्ग या पुढच्या संगीतकारांपैकी कोणालाही त्यानंतर हे ऐकलेच नाही अशा रीतीने लिहिणे शक्य राहिले नाही.

संगीताइतकाच त्याचा ठसा नाटकगृहावर आहे. त्याच्या आधीचा ऑपेरा आपल्या संगीत नाटकाच्या बराच जवळचा होता : कथा थोडी पुढे सरकायची, मग पद, मग टाळ्या, आणि पद जमले असेल तर तेच पुन्हा. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' 1880 मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले आणि पुढे दोन पिढ्या मराठी प्रेक्षकाने 'वन्स मोअर' देऊन पदे पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली. त्याच्या चारच वर्षे आधी, ऑगस्ट 1876 मध्ये, बव्हेरियातील बायरॉइट या लहानशा गावात वाग्नरने स्वतःच्या कल्पनेप्रमाणे बांधून घेतलेल्या नाटकगृहात याच्या नेमके उलटे केले. चार रात्रींच्या 'निबेलुंगची अंगठी' या ऑपेरामालिकेत सुटी पदे नव्हती. वाद्यवृंद रंगमंचाखालच्या खोल खाचेत, प्रेक्षकांच्या नजरेआड बसवला होता. उमरावांनी एकमेकांना न्याहाळण्यासाठी असलेल्या बाजूच्या कक्षांना फाटा दिला होता, सगळ्या खुर्च्यांची तोंडे रंगमंचाकडे होती, आणि प्रेक्षागृहात अंधार केला होता. आज आपण वसंतराव देशपांडे सभागृहात बसतो आणि तिसऱ्या घंटेनंतर दिवे मालवले जातात, ते आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की ही सवय कोणी लावली असा प्रश्नही पडत नाही. ती रूढ करण्यात बायरॉइटचा वाटा फार मोठा आहे. पात्रामागे आणि प्रसंगामागे एक ओळखीची धून लावून देण्याची 'लाइटमोटिफ'ची रीतही त्याने पूर्णत्वास नेली, आणि चित्रपटाच्या पार्श्वसंगीताने ती जशीच्या तशी उचलली.

मात्र त्या अंधारात बसलेल्या प्रेक्षकाकडून वाग्नरला करमणुकीपेक्षा अधिक काही हवे होते. काव्य, संगीत, अभिनय आणि दृश्य एकजीव करणारी समग्र कलाकृती लोकांना एकत्र बांधील, आणि धर्माची पकड सुटत चाललेल्या काळात धर्माचे काम करील, ही त्याची श्रद्धा होती. त्याची जर्मन भूमी तेव्हा अनेक राज्यांत विभागलेली होती. साम्राज्य एक झाले ते 1871 मध्ये. त्याआधीच्या पिढीला 'आम्ही जर्मन' म्हणजे कोण, याचे उत्तर राजकारणात सापडत नव्हते, म्हणून ते भाषा, लोककथा आणि पुराणकथांत शोधले जात होते. वाग्नरने मध्ययुगीन जर्मन महाकाव्य आणि उत्तरेकडच्या नॉर्स कथा यांतून देव, राक्षस, बुटके आणि वीर उचलून ते उत्तर रंगमंचावर उभे केले. 1868 च्या 'माइस्टरझिंगर' या ऑपेरात न्यूरेंबर्गचा चांभार-कवी हान्स झाक्स शेवटी म्हणतो, की पवित्र रोमन साम्राज्य धुरासारखे विरून गेले तरी आपल्यापाशी पवित्र जर्मन कला उरेल. या ओळींत राज्यापेक्षा कला मोठी ठरते, हे नीट वाचणाऱ्याला दिसते. त्याच भाषणात परकीयांपासून सावध राहण्याचा इशाराही आहे, आणि पुढच्या काळाने मोठ्याने ऐकला तो इशाराच.

विचारवंतांपैकी दोघांची नावे घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. वाग्नरने 1854 मध्ये शोपेनहाउअर वाचला आणि जग म्हणजे एका आंधळ्या इच्छेचा खेळ, तिच्यातून सुटका संन्यासात आणि करुणेत, हा विचार त्याच्या संगीतात भिनला; 'ट्रिस्टान'मधला न मिळणारा षड्ज ही त्या विचाराचीच ध्वनिरूप मांडणी आहे. शोपेनहाउअरच्या उशाशी उपनिषदांचे लॅटिन भाषांतर असे आणि ते भाषांतर दारा शुकोहने करवून घेतलेल्या फारसी अनुवादावरून झाले होते, तेव्हा या वाटेने आपल्याकडचेही काहीतरी तिथवर पोहोचले होते. दुसरे नाव नीत्शेचे. दोघे 1868 मध्ये लाइपझिगला भेटले. 1872 चा नीत्शेचा पहिला ग्रंथ ग्रीक शोकांतिकेच्या जन्माविषयी असला, तरी तिचा पुनर्जन्म त्याला वाग्नरमध्ये दिसत होता. तोच नीत्शे 1888 मध्ये वाग्नरला आधुनिक काळाचा आजार म्हणतो. ही केवळ दोन मित्रांची फारकत नव्हती. संगीताने भारून जाऊन विचार करणे सोडून देणारा श्रोता नीत्शेला बायरॉइटमध्ये दिसला आणि त्या श्रोत्याची त्याला भीती वाटली. ती भीती किती साधार होती, हे पुढे साऱ्या जगाने पाहिले.

आता आपल्या ज्येष्ठ सदस्यांच्या आक्षेपाकडे येऊ. तो वाऱ्यावर उडवून लावण्यासारखा मुळीच नाही. 1850 मध्ये लाइपझिगच्या एका संगीतविषयक नियतकालिकात 'संगीतातील ज्यूपण' हा लेख टोपणनावाने आला. तो वाग्नरचा होता. त्याचे प्रतिपादन असे, की ज्यू माणूस युरोपची भाषा कितीही बोलला तरी ती त्याच्यासाठी परकीच राहते, त्याची मुळे त्या लोकांत नसतात, म्हणून तो कलेची नक्कल करू शकतो, निर्मिती करू शकत नाही. त्याने ज्यू कुळात जन्मलेल्या मेंडेल्सझोन या संगीतकाराचे नाव घेतले, जो तीनच वर्षांपूर्वी वारला होता. मायरबेअर या ज्यू ऑपेराकाराचे नाव घेतले नाही, पण रोख कोणावर आहे हे उघड होते. आणि हा मायरबेअर कोण? पॅरिसमध्ये हलाखीत दिवस काढणाऱ्या तरुण वाग्नरला पैशाने आणि शिफारसपत्रांनी मदत करणारा, ज्याच्या शब्दामुळे वाग्नरचा 'रिएन्झी' 1842 मध्ये ड्रेस्डेनला रंगमंचावर येऊ शकला, तो. 1869 मध्ये वाग्नरने हाच लेख वाढवून पुस्तिकारूपाने, आणि या वेळी स्वतःच्या नावाने, पुन्हा छापला. तेव्हा तो 55 वर्षांचा होता, 'माइस्टरझिंगर'च्या यशाला एक वर्षही झाले नव्हते, आणि कोणी त्याला डिवचले नव्हते. म्हणून हा लेख तरुणपणीच्या रागाचा एक झटका होता, हा त्याच्या चाहत्यांचा बचाव मला मान्य नाही.

भाषा, विद्या आणि कला यांवरचा अधिकार जन्मावरून ठरवण्याची ही रीत मराठी वाचकाला समजावून सांगावी लागू नये. 'उच्चार शुद्ध आहेत, पण घराण्यात नाही', 'शिकला खरा, पण मुळात ते त्याचे नव्हे', ही वाक्ये आपल्याकडेही शतकानुशतके बोलली गेली आहेत. वाग्नरने द्वेषाची ही जुनी नाणी कलाविचाराच्या टाकसाळीत नव्याने पाडली आणि त्यांवर आपल्या प्रतिभेचा छाप उठवला. रस्त्यावरच्या गुंडाचा ज्यूद्वेष सुशिक्षित जर्मन घराच्या दिवाणखान्यात सहज शिरला नसता, संगीताचार्याचा शिरला. वाग्नरचे सर्वांत मोठे देणे मला इथे दिसते, आणि ते त्याचे स्वतःचे आहे.

त्याच वेळी त्याच्या वागण्यातली गुंतागुंतही नोंदवली पाहिजे. 1880 मध्ये ज्यूंचे नागरी हक्क आवळण्यासाठी फिरवलेल्या अर्जावर त्याने सही करायचे नाकारले. 'पार्सिफल' या शेवटच्या कृतीचा पहिला प्रयोग 26 जुलै 1882 रोजी बायरॉइटमध्ये झाला तेव्हा वाद्यवृंदाचे संचालन हेरमान लेवी यांनी केले, आणि लेवी हे एका ज्यू धर्मगुरूचे पुत्र होते. वाग्नरची त्यांनी बाप्तिस्मा घ्यावा अशी इच्छा होती. लेवींविरुद्ध एक निनावी पत्र आले तेव्हा ते वाग्नरने त्यांनाच दाखवले, लेवी दुखावून निघून गेले, आणि मग वाग्नरनेच त्यांना परत बोलावले. पुढच्या वर्षी वाग्नरच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत लेवी होते. या प्रसंगातून वाग्नर निर्दोष ठरत नाही; लेवींचे मोठेपण मात्र ठरते.

वाग्नरच्या मृत्यूनंतरचे खाते वेगळे उघडावे लागते. विधवा कोझिमाने बायरॉइटचे तीर्थक्षेत्र केले. 1878 पासून निघणाऱ्या 'बायरॉयटर ब्लेटर' या नियतकालिकाने गुरूच्या प्रत्येक शब्दाला सूत्र मानून वंशवादी भाष्ये रचली आणि ते 1938 पर्यंत चालू राहिले. ह्यूस्टन स्ट्युअर्ट चेंबरलेन या इंग्रज लेखकाने 1899 मध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पायांविषयीचा आपला जाडजूड ग्रंथ काढून इतिहास म्हणजे वंशांची झुंज असे ठसवले, आणि 1908 मध्ये वाग्नरची कन्या एफा हिच्याशी विवाह करून तो घरचाच झाला. 1 ऑक्टोबर 1923 रोजी हिटलर वाग्नरच्या घरी गेला आणि त्याच आठवड्यात अंथरुणाला खिळलेल्या चेंबरलेनने त्याला पत्र लिहून जर्मनीचा तारणहार ठरवले. वाग्नरची सून विनिफ्रेड शेवटपर्यंत हिटलरची निस्सीम अनुयायी राहिली. म्हणजे मृत्यूपासून हिटलरपर्यंतची ही पन्नास वर्षे मोकळी नव्हती. आपल्या दुसऱ्या सदस्यांनी केलेली वर्षांची वजाबाकी बरोबर आहे, पण मधल्या काळात वारसदारांनी मुद्दलावर व्याज चढवत नेले होते.

हिटलरला वाग्नरचे वेड होते हे खरे. वयाच्या बाराव्या वर्षी 'लोहेनग्रिन' पाहून आपण बांधले गेलो असे त्याने स्वतःच लिहिले आहे. 21 मार्च 1933 रोजी पॉट्सडामला झालेल्या नव्या संसदेच्या उद्घाटन सोहळ्यानंतर संध्याकाळी बर्लिनच्या ऑपेरागृहात 'माइस्टरझिंगर' झाला. परंतु वाग्नर म्हणजे नाझी राजवटीचा पाया, असे म्हणणे हा हिटलरचाच दावा मान्य करणे आहे. त्याच्या पक्षातील पुष्कळांना पाच तास ऑपेरात बसणे शिक्षा वाटे, आणि करुणा शिकवणारा 'पार्सिफल' 1939 नंतर युद्धकाळात बायरॉइटमध्ये झालाच नाही. याउलट 10 फेब्रुवारी 1933 रोजी म्युनिकला थोमास मान यांनी 'रिचर्ड वाग्नरची व्यथा आणि महत्ता' या विषयावर व्याख्यान दिले. वाग्नरवर निरतिशय प्रेम करणाऱ्या या लेखकाने त्याला राष्ट्रवादाच्या चौकटीतून बाहेर काढून युरोपीय, संशयी, आजारी आणि अद्भुत कलावंत म्हणून पाहिले. 'वाग्नरनगरी म्युनिक'च्या नावाने प्रतिष्ठितांनी त्याविरुद्ध जाहीर निषेधपत्र काढले, आणि परदेशी गेलेले मान मायदेशी पुन्हा राहायला परतलेच नाहीत. वाग्नरवर खरे प्रेम केल्याची किंमत म्हणून देश गमवावा लागला, असे उदाहरण डोळ्यांपुढे असताना 'हिटलरचा संगीतकार' हे विशेषण मी वापरणार नाही.

प्रश्न : वाग्नर भगवान बुद्धांवर ऑपेरा लिहिणार होता असे ऐकले. ज्यूद्वेष करणाऱ्या माणसाला बुद्धांचे काय आकर्षण असावे? — एक विद्यार्थिनी, लक्ष्मीनगर, नागपूर

उत्तर : ऐकले ते खरे आहे. मे 1856 मध्ये झुरिकला हद्दपारीत असताना (ड्रेस्डेनच्या 1849 च्या उठावात भाग घेतल्यामुळे त्याला जर्मनी सोडावी लागली होती) वाग्नरने 'विजेते' या नावाच्या नाटकाचा छोटासा आराखडा लिहून ठेवला. आधार होता फ्रेंच संशोधक ब्युर्नूफ यांच्या बौद्धधर्मविषयक ग्रंथात सापडलेल्या एका कथेचा, आणि ती कथा नागपुरात अनोळखी नाही. भिक्षू आनंद विहिरीवर एका मुलीकडे पाणी मागतो. ती म्हणते, मी चांडाळकन्या आहे. तो म्हणतो, मी तुझी जात विचारली नाही, पाणी मागितले. तिचे नाव प्रकृती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्त्रियांच्या धम्मदीक्षेच्या भागात हीच कथा सांगितली आहे. वाग्नरचा आराखडा 1856 चा आणि दीक्षाभूमीवरचा सोहळा 14 ऑक्टोबर 1956 चा. हा शंभर वर्षांचा योग केवळ योगायोग आहे, पण दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांसमोरून चालताना मला तो आठवल्यावाचून राहत नाही.

वाग्नरच्या आराखड्यात या कथेला एक जोड आहे, आणि ती महत्त्वाची आहे. बुद्ध सांगतात, की प्रकृती मागच्या जन्मी ब्राह्मणकन्या होती, चांडाळ राजाने आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली तेव्हा तिने जातीच्या गर्वाने त्याला झिडकारले, म्हणून या जन्मी ती चांडाळकन्या होऊन अपुऱ्या प्रेमाचे दुःख भोगते आहे. अखेरीस प्रेमाचा त्याग करून ती संघात प्रवेश करते. वाग्नरला यात एक संगीताची संधी दिसली होती, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे : रंगमंचावर हा जन्म चालू असताना वाद्यवृंदातून गतजन्माची धून ऐकू यावी. पूर्वजन्म दाखवण्यासाठी लाइटमोटिफइतके नेमके साधन कोणत्याही नाटककाराजवळ नव्हते, आणि ही कल्पना खरोखरच उंच आहे.

आपल्या प्रश्नाचे उत्तरही मला याच जोडीत दिसते. वाग्नरला बुद्धांत आकर्षण होते ते करुणेचे, त्यागाचे आणि इच्छेतून सुटकेचे, म्हणजे शोपेनहाउअरच्या चष्म्यातून दिसणाऱ्या बुद्धांचे. जातीचा प्रश्न त्याच्यासाठी कथेतील एक अडसर होता, जो पूर्वजन्माच्या हिशेबाने सुटत होता. बाबासाहेबांनी मात्र आजची जात कालच्या जन्माच्या कर्मावर ढकलणारा सिद्धान्त धम्मात मानला नाही. त्यांच्या दृष्टीने आनंदाने पाणी मागणे हेच कथेचे मर्म आहे. चांडाळकन्येसाठी ज्याचे मन हेलावले, त्याला आपल्याच शहरातील ज्यू संगीतकाराच्या भाषेवरचा हक्क दिसू नये, याचे मला दुःख वाटते. दूरच्या पीडितासाठी रडणे आणि शेजारच्याला नाकारणे एकाच मनात नांदू शकते.

हा ऑपेरा वाग्नरने कधीच रचला नाही, पण त्याचे द्रव्य 'पार्सिफल'मध्ये उतरले. त्यातील कुंड्री ही स्त्री शापामुळे जन्मामागून जन्म भटकते. अजाण पार्सिफल पहिल्या अंकात बाणाने हंस मारतो, आणि वृद्ध सरदार त्याला त्या पक्ष्याचे रक्ताळलेले पंख आणि विझणारे डोळे दाखवतो, तेव्हा तो आपले धनुष्य मोडून टाकतो. सिद्धार्थ आणि देवदत्ताच्या हंसाची गोष्ट शाळेत ऐकलेल्या मराठी श्रोत्याला इथे भाषांतराची गरज भासू नये.

धरमपेठेतील वाचकांनी पत्राच्या शेवटी विचारले आहे, की इस्रायलमध्ये वाग्नर वाजत नाही हे खरे का, आणि बैठकीत पुढे काय करावे. कायद्याने बंदी नाही, परंतु नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीत ज्यूंची घरे व प्रार्थनास्थळे जाळली गेल्यानंतर तेव्हाच्या पॅलेस्टाइनमधील ज्यू वाद्यवृंदाने ठरलेला वाग्नर कार्यक्रमातून काढला आणि तो संकेत मुख्यतः पाळला गेला. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी 1981 मध्ये तेल अवीवला, ज्यांना नको असेल त्यांनी बाहेर जावे असे सांगून, 'ट्रिस्टान'चा शेवटचा भाग घेतला, तेव्हा नाझी छळातून वाचलेल्या एका गृहस्थांनी मंचाजवळ जाऊन अंगावरचे व्रण दाखवले. डॅनिएल बॅरेनबॉइम यांनी 2001 मध्ये जेरुसलेमला श्रोत्यांशी अर्धा तास चर्चा करून मग तेच आरंभसंगीत वाजवले, जे आपण ऐकलेत. ते व्रण दाखवणाऱ्यासमोर संगीताची महती सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे मी मानतो. त्याच्या अनुपस्थितीत, नागपुरात बसून ऐकणाऱ्यांवर ती बंदी नाही.

म्हणून पुढच्या बैठकीसाठी माझी सूचना अशी, की ज्येष्ठ सदस्यांनाच 1850 च्या लेखातील दोन-तीन उतारे मराठीत करून वाचायला सांगावे, आणि त्यानंतर लगेच 'पार्सिफल'मधील हंसाचा प्रसंग लावावा. अर्थ समजण्यासाठी शब्द समोर असू द्यावेत, खिडक्यांचे पडदे ओढून दिवे मालवावेत, आणि लॅपटॉपच्या ध्वनिक्षेपकाऐवजी बरा ध्वनिसंच मिळाल्यास तो आणावा, कारण चेलोंचा खालचा आवाज छोट्या यंत्रात हरवून जातो.